दोन ठोके

"वहिनी, तुम्ही वर जाऊ नका. मी दुसरा माणूस बघतो," भाऊजी म्हणाले.

"बघा की. इतके दिवस बघतच आहात," मी कमरेचा सेफ्टी पट्टा आवळत म्हटलं. "टिकला का एक तरी?"

माणसं यायची, जिन्यात पाऊल टाकायची आणि वरून ठकठक ऐकू आली की हत्यारांची पिशवी उचलून धूम ठोकायची. या इमारतीत मेलेला फिटर अजून कामावर येतो, अशी सगळीकडे बोलवा झाली होती. तो फिटर म्हणजे आमचे हे.

नीट सांगते. इथला जिना मधल्या पोकळीभोवती फिरत वर जातो. त्या पोकळीत कुणी पडू नये म्हणून वरपासून तळापर्यंत तारेची विणलेली जाळी ताणतात. जाळी आमच्या कारखान्यात मीच मागावर विणलेली. लावणारे हे दोघे भाऊ. हे वर, भाऊजी तळाला. काम चालू असलं की कानठळ्या बसतात, हाक पोचत नाही, म्हणून यांनी खूण ठरवलेली. जाळीच्या कडेचा आकडा वरच्या गजात अडकून बसला की जाळीवर दोन ठोके. खालच्याने तळवा जाळीला लावून उभं राहायचं, ठोके हाताला कळले की जाळी ताणणारा स्क्रू पिळायचा. थांब म्हणायचं असेल तर जाळी नखांनी खरवडायची. घरीसुद्धा हीच तऱ्हा. ताटाच्या काठावर दोन ठोके म्हणजे भाजी वाढ. "देवानं तोंड कशाला दिलंय?" मी करवादायचे. आता आमच्याकडे कुणी ताट वाजवत नाही.

शेवटचा आकडा लावायला हे पोकळीत झुकले, तेव्हा पट्ट्याची दोरी कशालाच बांधलेली नव्हती. तोल गेला आणि झालं. काम बंद पडलं, मालक लोक एकमेकांशी भांडत बसले आणि जाळी तशीच अर्धवट लोंबत राहिली. वारा आला की तिचा सुटा कोपरा गजावर आपटतो. हे मला कळत नाही असं थोडंच आहे? जाळी विणण्यातच माझा जन्म गेलाय. तरी कारखाना सुटला की मी वळसा घालून इथे यायचे. खालच्या पायरीवर बसून तळवा जाळीला लावायचे. ठक, ठक. घरी सासूबाईंना ओव्हरटाइमची थाप मारायची.

पण म्हातारीला काय कळत नाही! काल तिनं माझ्यासमोर हात जोडले. "सुटू दे गं त्याला एकदाचं." जाळी ताणली की ठोके बंद होणार. सासूबाईंना तेच हवं होतं आणि मला, खरं सांगते, नको होतं. मात्र इथे आता शाळा भरणार होती. पोरं कठड्यावर ओणवी होणार, एकमेकांना ढकलणार. मग दुसऱ्या कुणी लावण्यापेक्षा मीच लावलेली बरी, असं मनाशी ठरवलं.

वर गेल्यावर आधी दोरी खांबाला बांधली. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. आधी लावलेला एकेक आकडा तपासत गेले आणि शेवटच्या आकड्याशी डोळे भरून आले. समोरचं धड दिसेना. आकडा गजावर टेकवला आणि दोन ठोके दिले.

खाली काहीच हालचाल नाही.

"भाऊजी, पिळा की!" मी ओरडले. आज इमारत रिकामी होती, आवाज पोचला.

"अहो, तुम्हीच थांब म्हणालात ना!"

"मी?"

"ठोके दिलेत आणि लगेच खरवडलंत. हाताला लागलं की माझ्या!"

ठोके दिल्यापासून माझे दोन्ही हात दोरीवर होते. मी डोळे पुसून पाहिलं. आकड्याचं नुसतं टोक गजावर टेकलेलं. भाऊजींनी पीळ दिला असता तर तो सुटून सरळ माझ्या तोंडावर आला असता. लोंबती तार कधीकधी कुरकुरते, ठाऊक आहे मला. पण नेमकी आत्ताच?

"अहो," मी पोकळीत वाकून यांना हळूच म्हटलं, "कळलं. नीट बसवते."

आकडा पुरता बसवला. आता फक्त ठोके द्यायचे होते. हात उचलेना. खाली भाऊजी तळवा लावून उभे होते.

"जा आता तुम्ही," मी म्हटलं. "आईंचं मी बघते. काळजी करू नका."

दोन ठोके दिले.

स्क्रू फिरला. जाळी हळूहळू ताठ झाली. वरच्या खिडकीतून वारा आला, पण ती हलली नाही.

खाली आले तरी भाऊजींचा तळवा जाळीवरच होता.

"लागतंय काही हाताला?"

"नाही, वहिनी."

"मग काढा हात. चला."

संध्याकाळी सासूबाईंनी माझं ताट वाढलं आणि समोर बसल्या. त्यांनी विचारलं, "सुटला का गं?"

मला तोंडानं सांगवेना. मी ताटाच्या काठावर दोन ठोके दिले.

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला भाजी वाढली.