सातपिंप्रीचे रूळ उचलले तेव्हा

सातपिंप्रीला रेल्वे आली तेव्हा लोटन लहान होता. बापाच्या मागे खडीच्या पाट्या वाहायचा. पुढे त्याच स्टेशनावर सांधेवाला म्हणून लागला आणि तिथेच त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. स्टेशन कसलं, पत्र्याची एक खोली, एक कडुनिंब आणि कपाशीच्या गाठींचा ढीग. गाडी दिवसातून एकदा जायची, एकदा यायची, पण ऐट मेलगाडीची. घेवरचंद शेठच्या जिनातल्या गाठी चढेपर्यंत ती हलायची नाही, आणि एखादी म्हातारी बांधावरून लुगडं सावरत येताना दिसली तर ड्रायव्हर खुशाल वाट बघायचा.

या गाडीच्या भरवशावर गावानं सोयरिकी केल्या. पूर्वी बोरी नदीपलीकडे पोरी द्यायला कुणी धजत नसे, कारण पावसाळ्यात नदी भरली की इकडचं माणूस तिकडे जात नसे. रेल्वेचा पूल झाला आणि पलीकडची गावं शेजारची वाटू लागली. आखाजीच्या सणाला पोरी गाडीनं माहेरी येत, झोके घेत, गाडीनं परत जात. लोखंडाचा पूल आहे, तो कुठे जातो, असं सगळेच म्हणत. लोटन तर सर्वांत मोठ्यानं म्हणे. त्यानं आपली एकुलती लेक ताईबाई पलीकडे, लायनीच्या शेवटच्या गावी, मगनला दिली.

ताईबाईचं पहिलं मूल सासरी, दिवस भरायच्या आधीच झालं आणि गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला तिच्या आईनं, भागाबाईनं, हट्टच धरला. बाळंतपण माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात. पण सातव्या महिन्यात मगनची पेरणी निघाली. आठव्यात पोटुशीनं नदी ओलांडायची नाही हा भागाबाईच्या माहेरचा नेम. लोटन म्हणाला, नववा लागला की आणू, गाडी काय पळून जाते?

गाडी पळून गेली. साल एक्केचाळीसचं. सातासमुद्रापार लढाई पेटली होती आणि तिला लोखंड कमी पडत होतं. हुकूम आला की ही लायन बंद, रूळ उचलून बोटीवर चढवायचे. आषाढात शेवटची गाडी गेली. तिला ना हार, ना नारळ. कुणाचा विश्वासच बसला नव्हता. लोक म्हणाले, आठ दिवसांत पुन्हा सुरू होईल.

रूळ उचलायचे ते शेवटच्या टोकापासून, म्हणजे लेकीच्या गावापासून मागे मागे यायचं. लोटनला सांगितलं, रूळ उचलणाऱ्या टोळीत ये, नाहीतर घरी बस. तो गेला. जे घर आपण शाकारलं तेच उतरवायला बसावं, तसं त्याला झालं. पण त्याचा डोळा पुलावर होता. पुलावरचे रूळ निघून तो मोकळा व्हायच्या आत ताईबाई अलीकडे यायला हवी. खाली बोरी लाल होऊन वाहत होती. नदीतून जाणारी गाडीवाट पाण्यात बुडाली होती. नववा लागला त्याच दिवशी त्यानं निरोप धाडला, बैलगाडीनं पुलाच्या त्या टोकाला या, पुढचं मी बघतो.

टोळी पुलाशी आली आणि बैलगाडीचा पत्ता नव्हता. काळ्या मातीच्या चिखलात चाकं रुतली असणार हे लोटनला कळत होतं. टोळीचा मुकादम पुना हा परगावचा माणूस, तोंडानं फटकळ. आज पूल मोकळा झालाच पाहिजे, असा त्याला वरून दम होता. लोटननं पाना खाली ठेवला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"मन्ही पोर नदीना त्या आंगे शे," तो म्हणाला. "पहिले तिले आणू द्या. मंग मी सोता पूल खोलसू."

पुनानं आधी त्याला फैलावर घेतलं. हुकूम कुणाचा, नोकरी कुणाची, सगळं ऐकवलं. टोळीतल्या एकेकानं हातातली पहार खडीवर आडवी ठेवली. पुनानं त्या पहारींकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि फडक्यातली भाकरी काढली.

"जेवायची सुट्टी," तो म्हणाला. "मी पुलाकडे पाठ करून जेवतो."

असली सावकाश खाल्लेली भाकरी टोळीनं कधी पाहिली नव्हती. अखेर बैलगाडी आली. बैलांच्या पोटापर्यंत चिखल, आणि ताईबाईचा चेहरा पांढराफटक. तिला कळा सुरू झाल्या होत्या. रुळांवरच्या ढकलगाडीवर गोधडी घालून तिला बसवलं. मगन बैल सोडून येऊ शकत नव्हता, तो तिकडेच थांबला. लोटन आणि दोघे जण ढकलगाडी ढकलत पुलावर निघाले. स्लीपरांमधून खालचं पाणी दिसत होतं. ताईबाईनं डोळे मिटून बापाचं मनगट धरलं होतं. लोटन उभ्या जन्मात इतका भ्यायला नव्हता.

अलीकडे भागाबाई उभीच होती. लेक तिच्या हाती देऊन लोटन तसाच मागे फिरला. शब्द दिला होता. घरात काय होतंय याची खबर नाही, आणि हा पुलावर बसून रुळांची एकेक खिट्टी काढतोय. दिवस कलताना गावातून माणूस आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुनानं चिमूटभर गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला. लोटननं तो खाल्ला आणि पुलावरचा शेवटचा रूळ खांदा लावून उचलला.

सव्वा महिना झाला तरी बोरी उतरली नव्हती. मगन पलीकडच्या काठावर येऊन उभा आहे असं कुणी सांगितलं, तेव्हा लोटन नातीला घेऊन निघाला. मागून ताईबाई. रुळांपाठोपाठ लोखंडी तुळयाही नेल्या होत्या, पुलाचे नुसते दगडी खांब उरले होते. पलीकडे मगन दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. पाण्याच्या आवाजात काही कळेना. लोटननं दुपट्यातली पोर दोन्ही हातांवर उंच धरली. मगननं डोक्याचा पटका सोडला आणि तो हलवत राहिला. आपल्याला मुलगा झाला की मुलगी, हे तरी त्या काठावरून त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.

लोटनचे हात भरून आले, तरी त्यानं पोर खाली घेतली नाही. ताईबाई मग हळूच म्हणाली, "आबा, आते मन्हं माहेर दूर व्हई गयं."

लोटनला रडू फुटलं. ती वाट त्यानं आपल्या हातांनी उखडली होती, आणि त्याच हातांवर नात होती.