गजेंद्रदादांची सूट

आमचं फवारणीचं ॲप साधं आहे. पीक, कीड आणि औषध निवडलं की एका पंपात किती मिली औषध टाकायचं ते सांगतं. तेल्हारा-हिवरखेडकडचे बाराशे लोक ते वापरतात. आकडा चुकला तर कपाशी करपते आणि फवारणाऱ्यालाही त्रास होतो.

रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी अमरावतीच्या या तीन माणसांच्या ऑफिसात आले, तेव्हा ॲपची नवी आवृत्ती गजेंद्रदादांच्या लॅपटॉपवर तयार व्हायची. ॲपवर कंपनीची सही उमटवणारी किल्ली, म्हणजे एक छोटी फाइल, त्यांच्या गाडीच्या चावीला अडकवलेल्या पेनड्राइव्हमध्ये असायची. दोन महिन्यांत मी ते बदललं. किल्ली सर्व्हरवरच्या कुलूपबंद जागेत गेली. मुख्य कोडमध्ये थेट काही टाकणं बंद झालं. आधी सर्व्हर चाचण्या चालवणार, मग दुसऱ्या कोणीतरी बदल वाचून मंजुरी द्यायची, आणि त्यानंतरच ॲप आपोआप तयार होऊन लोकांच्या फोनवर जाणार.

एक सूट मात्र मीच ठेवली: चाचणी अडली, मंजुरी नसली, तरी दादांचा बदल पुढे जाऊ शकायचा. दादांनी मागितली नव्हती. पण कंपनी त्यांनी काढलेली, मला कोड लिहायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचं काम तपासायचं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी भाजीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. माझा सहकारी कुलदीप म्हणाला, "मालकाले कोन अडवते? टाकून दे त्यायचं नाव सूटवाल्या यादीत." टाकलं. तेव्हापासून ते नाव मला खुपत होतं. काढायचा विषय कसा काढावा, ते सुचत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तेल्हाऱ्याहून दादांच्या चंद्रभानकाकांचा फोन आला. दादांनी स्पीकर लावला.

"गजा, गावात आता सारे वीस लिटरचे बॅटरी पंप घेऊन राहिले, अन् तुयं ॲप पंधरावरच बसलं. सकाळी फवारतो मी. आज होते का नाई?"

"होते ना काका. अर्ध्या घंट्यात."

वीस मिनिटांनी दादांनी मला हाक मारली. "पौर्णिमा, हे लाल काहून दाखवून राहिलं?"

"चाचणी अडली, दादा."

"तुयी चाचणी जुनी असन. पंधराची."

त्यांच्या स्क्रीनवर एक बटण होतं, जे आमच्या स्क्रीनवर नसतं: तरीही पुढे जा. माउसचा बाण त्यावर पोचला होता.

"मी तुमाले अडवत नाई," मी म्हणाले. "अडवूच शकत नाई. पन विसाची चाचणी आताच घातली मी. फक्त खालची ओळ वाचा."

त्यांनी मोठ्याने वाचलं. "वीस लिटर पंप. अपेक्षित वीस मिली, मिळाले सव्वीस पूर्णांक सात."

दादांनी कागद ओढला. या औषधाचं माप लिटरमागे एक मिली. त्यांनी तक्त्यातले पंधरा मिली खोडून वीस केले होते, आणि पुढच्या हिशेबात त्याला पुन्हा वीस भागिले पंधराने गुणलं होतं.

"दोनदा वाढवलं मी," ते म्हणाले.

"काकाचा मावा मेला असता," कुलदीप म्हणाला, "अन् संगं कपाशीची पराटीई."

दादा हसले. त्यांनी चूक दुरुस्त केली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "तू वाच आता."

त्यांना त्याची गरज नव्हती. तरी मी नीट वाचलं. "अन् दहा लिटरवाल्यायचं काय? हातपंप आहेत अजून."

"लय खोड्या काढते बाप्पा तू," म्हणत त्यांनी दहाची चाचणीही घातली. सगळं हिरवं झालं, मी मंजुरी दिली. नऊ मिनिटांत ॲप तयार होऊन गेलं.

काकांचा फोन आला. "आलं. तुया अर्धा घंटा दीड घंट्याचा असते का रे?"

"तपासून धाडलं, काका."

फोन ठेवून दादा म्हणाले, "ते सूटवाली यादी दाखव."

मी दाखवली. त्यांनी स्वतःचं नाव काढलं. नक्की काढायचं का, असं स्क्रीनने विचारलं. त्यांनी हो दाबलं.

"आता मले कोन मंजुरी देईन?"

"मी, नाई तर कुलदीप."

"कुलदीप नको," दादा म्हणाले.

संध्याकाळी दादांच्या पुढच्या बदलावर कुलदीपने तीन शेरे लिहिले. त्यातले दोन बरोबर होते.