भगतिणीचं पथ्य

डहाणूत रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या शैलेशला एकच वेड होतं: टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. गोष्ट तो रचायचा, त्यातली माणसं बाकीचे व्हायचे, आणि अडलं की फासे ठरवायचे. तळासरीच्या शाळेत शिकवणारी योगिता मंत्र-औषधं जाणणारी भगतीण झाली होती, समुद्रकाठच्या नरपडचा प्रविण नावाडी, आणि शैलेशची बायको नयना शिकारीण.

भगतिणीचे मंत्र मात्र शैलेशने हौसेच्या भरात नको तेवढे भारी करून ठेवले. दार अडलं, भगतीण उघडायची. वाघ आला, भगतीण झोपवायची. एकदा खाडी ओलांडायची वेळ आली, तर हिने मंत्र म्हणून पाणीच बाजूला सारलं! नावाडी बिचारा होडी धरून काठावर बसून राहिला.

"शैलेशदादा, हा महिना खेळतो, मग नाही जमायचं," त्या दिवशी चपला घालताना प्रविण म्हणाला. "माझं कामच काय इथे? चहा घरी पण मिळतो."

शैलेशने हिशेब केला. आधीच खेळणारी माणसं तीन. प्रविण गेला की खेळ मोडलाच.

बरं, मंत्र कापावेत तर योगिताने त्या भगतिणीला जीव लावलेला. शेवटी त्याने डोकं लढवलं. "मंत्र राहू देत," तो योगिताला म्हणाला, "पण औषधाला असतं तसं प्रत्येक मोठ्या मंत्राला एक पथ्य. तुझं तूच निवड. मोडलंस तर मंत्र फुकट."

योगिता कसली वस्ताद! गोष्ट जंगलातली, आणि हिचं पहिलं पथ्य काय, तर समुद्राची मासळी वर्ज्य. जीव वाचवायच्या मंत्राला ती म्हणाली, "हा घरच्या माणसावर चालणार नाही. सायवनचे माझे आजोबा साऱ्या पाड्याला झाडपाला द्यायचे, पण घरच्या माणसाला हात लावायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. आणि माझ्या भगतिणीला घरच नाही!"

"लबाड आहेस हं," नयना हसली. शैलेशने मान डोलावली.

नारळी पौर्णिमा आली. नरपडच्या माणसाला ती खेळातही चुकते होय? प्रविणच्या नावाड्याने नदीलाच नारळ वाहिला. योगितालाही हुक्की आली. "एकट्या बाईला भाऊ असावा," म्हणत भगतिणीने नावाड्याला राखी बांधली. प्रविणने खिशातून खराखुरा चिकू काढून ओवाळणी म्हणून तिच्यापुढे ठेवला. सगळे पोट धरधरून हसले.

मग प्रविणचा शेवटचा रविवार उजाडला. गोष्टीत नदीला पूर आला होता. नावाड्याने होडी रेटून दोघींना काठाला लावलं, आणि वाहत आलेला ओंडका त्याच्या छातीवर बसला. फासे वाईट पडले; नावाड्याचा जीव जायला आला.

"घाबरू नका, मी आहे ना," म्हणत योगिताने फासे उचलले.

शैलेशला पथ्य आठवलं. "योगिता, तो तुझा भाऊ आहे," तो हळूच म्हणाला.

तिचा हात तिथेच थांबला.

"अगं बाई!" नयनाच्या तोंडून निघालं.

"गंमत होती ती!" योगिताचे डोळे भरून आले. शैलेशला वाटलं, द्यावं सोडून, खेळच तर आहे. पण एकदा सोडलं की पथ्याला अर्थ उरत नाही, हेही त्याला कळत होतं.

"राखी सोडलीस तर मंत्र चालेल," तो म्हणाला. "मग तो परका."

योगिताने प्रविणकडे पाहिलं.

"खबरदार सोडशील तर," प्रविण शांतपणे म्हणाला. "ओवाळणी घातलीय मी. नावाड्याला जाऊ दे."

योगिताने फासे खाली ठेवले आणि ओढणीने डोळे पुसले. नयना उठून चहा टाकायला आत गेली.

निघताना प्रविण दारात चपला घालत होता. त्याला काही विचारायचा शैलेशला धीर होईना.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" प्रविणनेच विचारलं.

"म्हणजे? येणारेस तू?"

"यायलाच पाहिजे. नावाड्याची एक लहान पोरगी आहे, दादा. तिला आत्याकडे आणून सोडायचंय."