मान वळवून घेतलेला घोट

मंगळवारी दुपारी पावणेबाराच्या सुमारास जपानमधल्या शिरासेदानी गोल्फ क्लबच्या जेवणघरात छू दोंग-ह्वानने बिअरचा एक घोट मान वळवून घेतला. घडलं ते एवढंच. पुढचं सगळं त्या घोटातून निघालं.

दोंग-ह्वान कोरियातल्या बुसानचा. जहाजांचे पंखे दुरुस्त करण्याचा त्याचा कारखाना आता मुलगी बघते. वय सदुसष्ट. समोर बसलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ सोंग-ह्वान. थोरल्या काकांना मूल नव्हतं म्हणून तो चौदाव्या वर्षी ओसाकाला दत्तक गेला आणि शाळेत नाव घालताना छूचा आकियामा झाला. तेच नाव पुढे दुकानावर लागलं, लग्नपत्रिकेवर छापलं गेलं आणि बावीस वर्षांपूर्वी या क्लबच्या भिंतीवरच्या लाकडी पाटीवर चढलं. टेबलाच्या टोकाला बसलेला तिसरा माणूस दातांचा डॉक्टर तेराउची. क्लबच्या समितीत त्याचं वजन होतं. हे दोघं भाऊ आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं.

कारण शिरासेदानीत परक्याला सदस्य करून घेत नाहीत. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण ज्याला कळायला हवं त्याला ते बरोबर कळतं. जपानचं नागरिकत्व घेतलेला कोरियनही त्यांच्या लेखी परकाच. पाहुणा मात्र कुठलाही चालतो. सदस्याने बोट धरून आत आणला की झालं. थोडक्यात, कोरियन माणूस पाहुणा म्हणून चालतो, घरचा म्हणून चालत नाही.

दरवर्षी चुसोकच्या सणाला सोंग-ह्वान बुसानला यायचा. आईवडिलांच्या थडग्यांवरचं गवत दोघं मिळून कापायचे आणि दुसऱ्या दिवशी दोंग-ह्वानच्या क्लबवर खेळायला जायचे. तिथे एक फोन पुरायचा. "छूसाहेबांचे दादा आले," म्हणत फाटकावरचा पहारेकरीसुद्धा उठून उभा राहायचा. खेळाच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी बाया त्याच्या पिशवीत पर्सिमनची पिकलेली फळं टाकायच्या. निघताना दोंग-ह्वान म्हणायचा, "दादा, आता एकदा तुमच्याकडे." आणि दादाकडे कारण तयार असायचं. एका वर्षी हिरवळीला कीड लागलेली. पुढच्या वर्षी समितीची निवडणूक. मग व्यवस्थापक नवीन, तो जरा स्थिरस्थावर होऊ दे.

या वसंतात दोंग-ह्वानने स्वतःच हालचाल केली. आपल्या क्लबच्या सचिवाची सही आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीचा, दाखला जोडून त्याने शिरासेदानीला रीतसर विनंती धाडली. उत्तर दोन ओळींचं आलं: सदस्याच्या ओळखीशिवाय बाहेरच्यांना प्रवेश नाही, क्षमस्व. त्याच महिन्यात त्याच्या ओळखीचा एक नॉर्वेजियन जहाज-तपासनीस तिथे अठरा होल खेळून आला. हा माणूस गोल्फ खेळतो म्हणजे रताळी उकरतो. त्याला एका सदस्याने, कुठल्याशा गोदीच्या अध्यक्षाने, आपल्या भेटकार्डामागे दोन शब्द लिहून दिले होते, बस्स.

दोंग-ह्वानने त्या संध्याकाळी भावाला फोन लावला. "दादा, त्या नॉर्वेवाल्याला कार्ड पुरलं. मला सख्खा भाऊ पुरत नाही?"

मग सोंग-ह्वान म्हणाला, "बघतो."

जुलैत त्याचाच फोन आला. मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर गोल्फची काठी हातात धरायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. "ये," तो म्हणाला. "तू आणि मी, अठरा होल, माझ्या मैदानावर. पण ऐक. तू माझा ग्राहक. आपली ओळख धंद्यातली. दादा म्हणायचं नाही. कोरियन बोलायचं नाही. शर्ट आत खोचायचा, टॉवेल गळ्यात टाकायचा नाही आणि दारातून आत येताना अंगात कोट पाहिजे."

"या उन्हाळ्यात?"

"कोट म्हणजे कोट."

"आणि समजा कळलंच त्यांना, तर काय, फासावर देतात?"

"हाकलत नाहीत रे. तुला कळायचं नाही ते. खेळायला बरोबर कोणी येत नाही, इतकंच होतं."

दोंग-ह्वानने ते ऐकून घेतलं. राग गिळला, कारण पुढच्या वर्षी ही संधी नव्हती.

तर त्या मंगळवारी तो कोट घालून, घामाने निथळत आत आला आणि सख्ख्या भावापुढे कमरेत वाकून म्हणाला, "आकियामासान, आमंत्रणाबद्दल आभारी आहे." त्याची जपानी चांगली होती, तीस वर्षं ओसाकाच्या जहाजमालकांशी घासाघीस करून कमावलेली. व्यवस्थापक कुसुमोतो स्वतः स्वागताला आला. पाहुण्यांना तिघांच्या गटाशिवाय सोडत नाहीत, म्हणून सोंग-ह्वानने तेराउचीला बरोबर घेतलं होतं. समितीवरचाच माणूस सोबत असला की कोणी शंका घेणार नाही, हा त्याचा हिशेब.

पहिले नऊ होल सुरेख गेले. एवढंच नव्हे, दोंग-ह्वानने भावाला इतकं छान खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. बुसानला तो पाहुण्यासारखा संकोचून खेळायचा. इथे प्रत्येक उतार त्याच्या पायाखालचा होता. सातव्या होलवर, तळ्याच्या पलीकडून, त्याने चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर आणून ठेवला. हामासाकी नावाच्या कॅडी बाईने टाळी वाजवली. "वा, दा..." दोंग-ह्वानच्या तोंडून निघालंच होतं. त्याने ते खोकल्यात बुडवलं. "उत्तम, आकियामासान."

सोंग-ह्वानने औपचारिक मान लववली. ती मान लववणं दोंग-ह्वानला माशाच्या काट्यासारखं टोचलं.

नवव्यानंतर रिवाजाप्रमाणे जेवण. तेराउचीने तळलेल्या डुकराच्या मांसाचा वाफाळता कात्सु मागवला, भावांनी थंडगार सोबा नूडल्स. बिअर आली. दोंग-ह्वानने दोन्ही हातांनी बाटली धरून सोंग-ह्वानचा पेला भरला, तेराउचीचा भरला. मग स्वतःचा पेला उचलला, उजवीकडे मान फिरवली, तोंडाआड हात धरला आणि घोट घेतला. थोरल्यासमोर असंच प्यायचं असतं. वडिलांनी शिकवलं तेव्हापासून तो दुसऱ्या तऱ्हेने प्यायलाच नव्हता. जिभेला त्याने सकाळपासून लगाम घातला होता. मानेला घालायचा राहिला.

तेराउचीने कात्सुचा तुकडा हवेत धरला.

"आकियामासान, हे तुमचे ग्राहक म्हणालात ना?"

"हो. जुने."

"नशीबवान आहात. माझ्या दवाखान्यात ग्राहक मलाच तोंड उघडायला लावतात." तो हसला. "आमच्या शेजारी एक कोरियन कुटुंब होतं. त्यांचा धाकटा थोरल्यासमोर असाच प्यायचा. भिंतीकडे तोंड करून. आणि तुम्हीही छान आहात हं! ग्राहक दोन्ही हातांनी ओततोय आणि तुम्ही एका हातात पेला धरून बसलात. मी असं केलं असतं तर ग्राहकाने दुसरा डॉक्टर गाठला असता."

सोंग-ह्वानने पेला खाली ठेवला. "छूसान वयाने लहान आहेत. मान देतात. धंद्यातले संबंध, दुसरं काय."

"नातं नाही ना काही?"

"छे! नातं कसलं?"

तो हे इतक्या सहज म्हणाला, की दोंग-ह्वानच्या कानशिलात जाळ उठला. आई होती तोवर प्रत्येक सणाला याच माणसाचा पाट मांडून ठेवायची. मरताना तिने दोंग-ह्वानला सांगितलं होतं, दादाला एकटं पडू देऊ नकोस. आणि हा म्हणतो, नातं कसलं.

त्याने स्वतःचा पेला पुन्हा भरला. एका हाताने. मग पाठ ताठ केली आणि भावाच्या डोळ्यांत डोळे घालून, मान जराही न हलवता, अख्खा पेला घटाघटा रिकामा केला. खाली ठेवताना मुद्दाम आपटला.

"हां!" तेराउची खूश झाला. "हे कसं ग्राहकासारखं! उगाच शंका घेतली मी. चला, जेवा, सोबा फुगतो नाहीतर."

धोका टळला होता. दोंग-ह्वानला ते कळलं, आणि आपण भावाला वाचवलं की त्याच्या तोंडावर थुंकलो, हे कळलं नाही. कदाचित दोन्ही. पण सोंग-ह्वान लालबुंद झाला होता. त्याचा हनुवटीखालचा स्नायू उडत होता. वडील रागावले की त्यांचा उडायचा तसा.

"दोंग-ह्वान!" टेबलावर थाप पडली. कोरियनमध्ये, सगळं जेवणघर ऐकेल अशा आवाजात तो कडाडला, "थोरल्यासमोर असं पितात? बापाने हेच शिकवलं तुला?"

काट्याचमच्यांचे आवाज थांबले. पलीकडच्या टेबलावरच्या चौघांनी माना वळवल्या आणि लगेच सरळ केल्या. सोंग-ह्वान टेबलावरच्या आपल्याच हाताकडे बघत राहिला.

दोंग-ह्वान जागचा उठला, दोन्ही हात मांडीलगत घेतले आणि मान खाली घातली. "चुकलो, दादा."

तेराउचीने जेवणाच्या काड्या ताटलीवर समांतर ठेवल्या. ओठ पुसले. "माझी कंबर सकाळपासूनच धरली आहे," तो जपानीत म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही. "दुपारचे नऊ होल माफ करा." वाकला आणि गेला. कंबर छान वाकली.

कात्सु तसाच अर्धा राहिला होता. पाचेक मिनिटांत कुसुमोतो आला, दोन्ही हात पोटावर जुळवून.

"अतिशय दिलगीर आहे, आकियामासामा. आपल्या गटातला एक गृहस्थ कमी झाल्याचं समजलं. पाहुणा असताना तिघांहून लहान गट आम्हाला सोडता येत नाही. नियम, आपल्याला माहीतच आहे."

"मग तिसरा द्या," सोंग-ह्वान म्हणाला.

"आज दुर्दैवाने कोणी मोकळं नाही."

दोंग-ह्वानने खिडकीतून पाहिलं. पुटिंगच्या सरावाच्या हिरवळीवर दोन सदस्य गप्पा मारत उभे होते. "ते दोघं काय बागकाम करतायत?"

"त्यांचा गट येणार आहे, साहेब."

"आणि तो नॉर्वेजियन आला होता तेव्हा तिसरा कुठून पैदा केला होता?"

कुसुमोतो हसला. उत्तर नसलं की हसायचं त्याला शिकवलेलं असावं. "पाहुण्यांसाठी स्नानघर तयार आहे. गाडी बोलावू?"

"नको," सोंग-ह्वान म्हणाला. तो सावकाश उठला, मणक्याला हात लावून. "कुसुमोतोसान, हा माझा धाकटा भाऊ. छू दोंग-ह्वान. मी छू सोंग-ह्वान. आम्ही दहाव्या टीवर बसतो. तिसरा आला की सांगा."

दहाव्या टीशेजारी, म्हणजे दहाव्या होलचा पहिला फटका मारतात त्या जागेशेजारी, चेरीच्या झाडाखाली एक बाक आहे. दोघं त्यावर बसले. हामासाकीबाईने दोन्ही पिशव्या आणून टेकवल्या, बार्लीचा थंड चहा ठेवला आणि जरा लांब उभी राहिली. ऊन कडक होतं. दोंग-ह्वानने शर्ट बाहेर काढला, टॉवेल भिजवून गळ्यात टाकला. सोंग-ह्वानने ते नुसतं पाहिलं.

"बावीस वर्षं," दोंग-ह्वानने सुरुवात केली. "बावीस वर्षं या असल्या लोकांत तुम्ही सोबा खाताय."

"नाव सांगितलं असतं तर आत आलो नसतो."

"मग नसतं यायचं! काय सोन्याची आहे का ही हिरवळ?"

"चांगली आहे," सोंग-ह्वान म्हणाला. "तू सातवा होल पाहिलास ना? दुसरीकडे कुठे आहे का तसा?"

तसा होल दोंग-ह्वानने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता, याचाही त्याला राग आला. "नातं कसलं म्हणालात. तोंड वर करून."

"म्हणालो."

"आई असती तर?"

"आई असती तर तू पेला आपटला नसतास." मग तो म्हणाला, "इतका मोठा घोट घेतोस? डॉक्टरने साखर सांभाळायला सांगितलीय ना तुला?"

"विषय बदलू नका, दादा."

एक गट आला. चौघांनी सोंग-ह्वानला वाकून नमस्कार केला, हवेबद्दल दोन शब्द बोलले, चेंडू मारले आणि निघून गेले. दुसरा गट आला, तो तिघांचा. त्यांच्यात चौथ्याला जागा होती, पाचव्याला नव्हती, तरी दोंग-ह्वान म्हणाला, "दादा, तुम्ही जा. तुमचे नऊ होल तरी पुरे होतील." सोंग-ह्वानने ऐकू न आल्यासारखं केलं. तिघे गेले. त्यातला एक, पोक्त माणूस, मागे वळून पाहत होता. पण त्याचे सोबती पुढे निघाले होते.

हामासाकीबाईने पंख्याने स्वतःला वारा घालता घालता म्हटलं, "मला खेळता येतं. थोडंफार." मग स्वतःच पुढे म्हणाली, "कॅडीला गटात धरत नाहीत म्हणा."

दुपारी दुसऱ्या नऊसाठी सुटणारा शेवटचा गट दीड वाजता निघतो. त्याआधी कुसुमोतो दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा सावलीत बसण्याची विनंती करायला. ते सावलीतच होते. दुसऱ्यांदा सांगायला, की त्याने अध्यक्षांना कोबेला फोन केला आहे, अपवाद करता येईल का ते विचारलं आहे, आणि अध्यक्ष उलट फोन करणार आहेत.

आता दोन वाजून गेले आहेत. दोघं भाऊ बाकावर आहेत, काठ्या गुडघ्यांवर आडव्या धरून. भिंतीवर आकियामा नावाची पाटी अजून तिच्या जागी आहे. दहावा होल पूर्ण रिकामा आहे. फोन आलेला नाही.