दोन मिनिटांना एकदा, तीन मिनिटांना दोनदा

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळा सुटल्यावर वाजणारी नव्हे आणि सायकलीचीही नव्हे. टेबलावर ठेवायची, डोक्यावर बटण असलेली, तळहाताएवढी घंटी. बटण दाबले की मी एकदा 'टिंग' म्हणते आणि गप्प बसते. गप्प बसणे मला चांगले जमते. ज्यांच्यात माझे आयुष्य गेले, त्यांना मात्र ते कधीच जमले नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिराने पितळेचा पत्रा साच्यात दाबून माझी वाटी केली, आत लहानसा टोला बसवला आणि मला कानाजवळ धरून तीनदा वाजवले. "आवाज जरा बसका आहे, पण चालेल," तो म्हणाला. माझी एवढी तारीफ पुढे बरीच वर्षे कुणी केली नाही. मी एका दवाखान्याच्या काउंटरवर लागले. तिथे मला कुणी हसऱ्या चेहऱ्याने वाजवत नसे. दवाखाना नव्या इमारतीत गेला तेव्हा मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. तिथून एका प्राध्यापकांनी मला उचलले आणि विद्यापीठाच्या वादविवाद मंडळाला दिले.

माझे काम सोपे होते. वक्त्याची दोन मिनिटे झाली की एकदा वाजायचे, तीन मिनिटे झाली की दोनदा. दोनदा वाजले की वक्त्याने बसायचे, असे नियमात लिहिले होते. मुकाट्याने बसत कुणीच नसे.

मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आहे. पूर्वी तिथे रसायनशास्त्राच्या बाटल्या ठेवत, त्यामुळे कपाट उघडले की अजूनही नाक चुरचुरते. कपाटाचे दार मिटून राहावे म्हणून फटीत कागदाची घडी खोचावी लागते. या खोलीत एक रीत फार कडक पाळली जाई. विषय ठरला की चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत 'बाजूने' आले तर बाजूने बोलायचे, 'विरुद्ध' आले तर विरुद्ध. तुम्हाला स्वतःला काय वाटते, हे कुणी विचारत नसे. आणि मत द्यायचे ते ज्याने जास्त पटवले त्यालाच, मग त्यात आपले नुकसान का होईना.

आता त्या मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मी माझे काम नव्याने शिकले.

वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठात नावनोंदणीचा दिवस असतो. तळमजल्यावर सगळी मंडळे आपापली टेबले मांडतात. त्या वर्षी गिर्यारोहणवाल्यांनी दोर टांगले होते. नाटकवाले मुखवटे घालून हिंडत होते. बुद्धिबळवाले येईल त्याला हरवत होते आणि हरलेल्याला गोळी देत होते. आमच्या टेबलावर मी होते, एक वही होती आणि दोघे भांडत होते. एक आमचा अध्यक्ष. तो कायदा शिकत होता, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. दुसरा सचिव. तो प्रत्येक बोलणे "यात तीन मुद्दे आहेत" असे सुरू करी, म्हणून त्याचे नाव तीन मुद्दे पडले होते. टेबल दाराकडे तोंड करून ठेवावे की जिन्याकडे, यावर त्यांचे चालले होते. चार-पाच नवी मुले आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि बुद्धिबळाकडे निघून गेली.

मग एक मुलगी आली. छातीशी फाईल घट्ट धरून म्हणाली, "मला बोलता येत नाही. पण दुसरं काही काम असेल तर सांगा."

"बोलता येत नाही, हे तू बोलूनच सांगितलंस," वकील म्हणाला.

"यात तीन मुद्दे आहेत," तीन मुद्दे म्हणाला.

ती एक पाऊल मागे सरकली. गेली हीसुद्धा, असे मला वाटले. तेवढ्यात तिला मी दिसले. तिने हळूच माझे बटण दाबले. टिंग! दोघेही एकदम गप्प झाले. तिला हसू आले.

"हे काम मला जमेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला वाजवण्याचे काम तिच्याकडे आले आणि तिचे नाव वेळबाई पडले. दोन वर्षे ती एकाही सभेला चुकली नाही. खोलीची किल्ली तिच्याकडे, नोटिसा लावणे तिच्याकडे, वह्या तिच्याकडे. दर शुक्रवारी ती मला रुमालाने पुसायची. एकदा सभेआधी तिच्या आईचा फोन आला.

"अगं, संध्याकाळी करतेस तरी काय तिकडे?"

"घंटी वाजवते."

"घंटी? आणि अभ्यास कोण करतं, तुझे बाबा?"

मला ती फार आवडायची, हे सरळच सांगून टाकते.

तिसऱ्या वर्षी विद्यार्थी कल्याण कार्यालयाचे परिपत्रक आले. ज्या मंडळाचे बारापेक्षा कमी सभासद असतील ते बंद होईल आणि त्याची खोली दुसऱ्यांना मिळेल. टेबल टेनिसवाले तर मोजपट्टी घेऊन आमची खोली मापूनही गेले. आमच्यातली बरीच मुले पदवी घेऊन गेली होती. उरले होते अकरा. वेळबाई धरून बारा झाले असते, पण मंडळाचा जुना नियम आडवा आला. जो मंचावर एकदा तरी पूर्ण तीन मिनिटे बोलला, तोच सभासद. बाहेरून कुणी मिळते का तेही पाहिले. पण मंचावर बोलायचे म्हटल्यावर ज्याला त्याला आपली परीक्षा आठवली.

"त्यात काय, नियम बदलू," वकील म्हणाला आणि सभा बोलावली. 'हा नियम रद्द करावा' असा विषय ठेवला. रीतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. वकिलाला 'बाजूने' आले आणि तीन मुद्द्यांना 'विरुद्ध'. नियम जावा असे तीन मुद्द्यांना मनापासून वाटत होते, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. तो उभा राहिला आणि असा बोलला, असा बोलला, की मी माझा टोला सावरून ऐकत राहिले. मते मोजली. बाजूने पाच, विरुद्ध सहा; नियम राहिला. सहावा हात खुद्द तीन मुद्द्यांचा होता.

"अरे, तू तरी!" वकील ओरडला.

"काय करू? मीच जास्त पटवलं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

एकदा हरलेला विषय वर्षभर पुन्हा घेता येत नाही, हाही नियमच. सगळ्यांनी वेळबाईकडे पाहिले. ती इतकी घाबरली, की मला टेबलावरच विसरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दाराला दाबून लागणारे कुलूप आणि किल्ली तिच्याजवळ, त्यामुळे मी आत कोंडलेली आणि मंडळी जिन्यावर बसलेली. भिंतीपलीकडून मला त्यांचा वाद ऐकू येत होता. तिला समजवायला कुणी जावे, यावरच तो चालला होता. शेवटी कुणीच गेले नाही. चौथ्या दिवशी ती आपणहून आली, कुलूप उघडले आणि म्हणाली, "शुक्रवारी मी बोलते. ही खोली गेली तर संध्याकाळी मी जाऊ कुठे? पण मला आता कुणी काही समजावू नका."

शुक्रवारी चार वाजता कार्यालयातल्या बाई यादी घेऊन येऊन बसल्या. विषय होता 'प्रत्येकाने आपले मत बोलून दाखवलेच पाहिजे'. वेळबाईच्या चिठ्ठीत 'विरुद्ध' आले. ती मंचाकडे निघाली आणि सवयीने मलाही हातात घेऊन गेली. हे कुणाच्या लक्षातच आले नाही. आता मला वाजवायला तिच्याशिवाय कुणी उरले नव्हते.

ती उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. अर्धा मिनिट वक्ता गप्प राहिला तर पाळी संपली, असा नियम आहे. आमच्याकडे तो कधी वापरावा लागला नव्हता. दहा सेकंद गेले, वीस गेले. तिच्या घामाने माझे पितळ ओले झाले. बाईंनी पेनाचे टोपण काढले. पंचविसाव्या सेकंदाला ती बोलली.

"मी विरुद्ध आहे. सगळेच बोलायला लागले तर ऐकायचं कुणी? दोन वर्षं मी ऐकतेय. वकीलदादा, तुझ्याकडे मुद्दा नसला की तू पाणी पितोस. गेल्या सभेत चार ग्लास प्यायलास."

बाईंनी यादी तोंडासमोर धरली. त्या हसत होत्या.

"तीन मुद्दे, तुझा तिसरा मुद्दा आजवर कुणी ऐकलेला नाही, कारण तोवर वेळ संपते. मी एकदा ऐकलाय. तू कपाट आवरताना एकटाच बोलत होतास. तोच सगळ्यात चांगला होता."

तिने अंगठ्याने मला दाबले. टिंग. दोन मिनिटे झाली होती.

"पहिल्या वर्षी मी वसतिगृहात एकटीच जेवायला बसायचे. दिवसच्या दिवस कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. तेव्हा मला कुणी 'बोल' म्हटलं असतं, तर मी पळून गेले असते. तुम्ही घंटी वाजवू दिलीत, म्हणून मी टिकले. आणि आज मला एकच सांगायचंय, की—"

टिंग टिंग. तिनेच वाजवले आणि खाली बसली.

"अगं, वाक्य तरी पूर्ण कर!" सगळे ओरडले.

"वेळ संपली," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या आवाजाचा राग आला.

अकराच्या अकरा मते तिला पडली. बाईंनी यादीवर 'बारा' लिहिले आणि म्हणाल्या, "खोली तुमचीच." मग जो कल्लोळ झाला, त्यात चहा आला, टाळ्या झाल्या, वकिलाने भाषण केले. पण ते वाक्य काय होते, हे कुणी विचारले नाही. ती कप गोळा करत राहिली. मला आठवडाभर चैन पडले नाही.

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर सभेचे विषय लिहिले होते. तीन मुद्द्यांचे अक्षर मी ओळखते. पहिला विषय होता 'मागील सभेतील अपूर्ण वाक्य'. वेळबाईने फळा वाचला आणि मला टेबलावर ठेवले. मग शांतपणे बोलली.

"मला एवढंच सांगायचं होतं, की मी बोलले ते खोलीसाठी. पण दोन वर्षांत तुम्ही मला न बोलताही सभासद धरलं असतंत, तर मला जास्त आवडलं असतं."

खोलीत अकरा पट्टीचे बोलणारे बसले होते. त्या दिवशी चहाचे कप त्यांनी गोळा केले.

वर्ष सरल्यावर नियमाचा विषय पुन्हा घेतला गेला. 'विरुद्ध'ची चिठ्ठी पुन्हा तीन मुद्द्यांनाच आली. तो उभा राहिला, "माझ्याकडे मुद्दा नाही" म्हणाला आणि बसला. नियम गेला आणि मला वाजावेच लागले नाही.

आता माझी चमक गेली आहे. वेळ बघायला सगळ्यांच्या हातात फोन असतो आणि मी बहुतेक दिवस कपाटातच असते. कधी आठवण झाली तर माझ्यावरून फडके फिरवा, मला बरे वाटेल. नाही फिरवलेत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्हीही एक दिवस विद्यापीठात जाल, एखाद्या मंडळात रमाल, तिथे खूप बोलाल. तेव्हा कुणाचे वाक्य अर्धे राहिलेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "काल तू काय म्हणत होतास?" वेळ संपल्याचे मी सांगू शकते; एवढे मात्र मला विचारता येत नाही.