बोटीचं गणित

"रुपचंद सर येण्याआधी खानदेशात गणित नव्हतं. होता तो नुसता अंधार!" गिरणा नदीच्या काठावर, एका उपड्या घमेल्यावर उभं राहून सरांच्या जुन्या विद्यार्थ्याने, अभिमनने, जाहीर केलं.

ऐकणाऱ्यांत थोडी चुळबूळ झाली. त्यांच्यात दोन-तीन कापसाचे व्यापारी होते, आणि त्यांच्या घराण्यांत काटा मारण्याची कला सर येण्याच्या कितीतरी आधीपासून बिनचूक चालत आलेली होती. पण दहाव्याला आलेल्या माणसाने वाद घालू नये, म्हणून ते गप्प राहिले. अभिमन पुढचं वाक्य जुळवत होता, तेवढ्यात घमेलं वाळूत कलंडलं. तो सावरला, पॅन्ट झटकली, आणि खानदेशातल्या अंधाराचा विषय तिथेच मिटला.

समोर बन्सीलाल बसला होता. डोकं तुळतुळीत, खांद्यावर ओला पंचा, आणि चेहऱ्यावर आपण भलत्याच्याच लग्नात पाटावर बसलो आहोत असा भाव. गेलेले रुपचंद सर त्याचे वडील होते हे खरं. पण दहावा त्याचा नव्हता. सिंधी माणसाचा बारावा असतो, त्या दिवशी मुलाला पगडी बांधतात. पिंड मांडून कावळ्याची वाट बघत बसण्याची रीत बन्सीलालच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती. हे सगळं सरांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं. त्यांनी परस्पर भटजी सांगितला, जागा धरली, धुळ्याच्या आणि अमळनेरच्या मुलांना निरोप धाडले, आणि मग आठवण झाली म्हणून बन्सीलालला कळवलं.

तो घाबरून सिंधी कॉलनीच्या मुखींकडे गेला. मुखी म्हणजे पंचायतीतले सर्वांत वडील. त्यांनी डोळे मिटून विचार केला.

"अपने में बारहवां होता है. ये दसवां किसका है?"

"पोरं म्हणतात, सर आमचे."

"तो दोनों करो," मुखी म्हणाले. "जानेवाला ऐतराज नहीं करता."

आणि पोरांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. फाळणीनंतर रुपचंद शिकारपुरातून निघाले, कराचीला बोटीत बसले, मुंबईला उतरले, कल्याणच्या छावणीत राहिले आणि शेवटी जळगावला आले. मोठ्या भावाने त्यांना कापडाच्या दुकानात बसवलं. त्यांनी पहिल्याच हंगामात गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की शिंपी सांगतो तेवढं कापड सदऱ्याला लागत नाही, आणि गणित करून दाखवलं. गिऱ्हाइकं खूश झाली. भाऊ झाला नाही. दिवाळीच्या आत रुपचंद दुकानातून बाहेर पडले आणि धुळ्याला एका शाळेत चिकटले. पुढे बदली होऊन जळगावला. सारी कॉलनी हळहळली. चांगल्या घरातला मुलगा मास्तर निघाला.

मराठी ते भूमितीच्या पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे बोलायचे तसेच. भाजी घ्यायला गेले की बेबाबाईच्या टोपलीपुढे उभं राहून म्हणायचे, "समजा, ही मेथी ताजी आहे."

"समजा कशाले, सर? ताजीच शे!"

"मग सिद्ध करा."

बेबाबाई पेंढी सोडून आतली पानं दाखवायची. आख्ख्या बाजारात दुसऱ्या कुणासाठी तिने कधी पेंढी सोडली नाही. सर गेल्याचं कळलं त्या दिवशी तिने टोपली उचलली आणि घरी गेली.

आता हे सगळे लोक नदीकाठी बसून आभाळाकडे बघत होते. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे होते. नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते आणि खालच्या गर्दीकडे, परीक्षक मुलांकडे बघतात तसे बघत होते. पण एकही खाली उतरेना.

"काहीतरी राहिलंय सरांचं," भटजी म्हणाले. "इच्छा अडकली की असं होतं. बोला, वचन द्या."

बोलण्याच्या बाबतीत विद्यार्थी मागे हटणारे नव्हते. अभिमन धुळ्याला पाटबंधाऱ्यात इंजिनीअर होता, त्याला योजना जाहीर करण्याची सवय होती. तो पुढे झाला. "सर, तुमच्या नावाने गणित मंडळ काढू!"

कावळे हलले नाहीत.

"दरवर्षी स्पर्धा घेऊ! ढाल देऊ!"

एका कावळ्याने पंख झाडून पुन्हा मिटले.

"सर, तुमचा पुतळा उभारू!"

तसा तो कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला.

"घ्या," मागून सुकदेव म्हणाला. "होता तो बी घालवला. अरे, पुतळ्यावर त्यांना बसायचं माहीत आहे, त्यांना कशाला सांगतो?" सुकदेव एसटीत कंडक्टर होता, अमळनेर डेपोचा, आणि आजची ड्युटी दुपारवर ढकलून खाकीतच आला होता. तो उठला, हात जोडून आभाळाकडे बघत अगदी घरच्यासारखं म्हणाला, "सर, बठ्ठा उनात, धुळ्याचे, अमळनेरचे, सगळे. तुम्ही बी या ना आते!"

काही झालं नाही. पलीकडे कुणाचा तरी पिंड होता, एक कावळा त्याच्यावर उतरला आणि आरामात खाऊ लागला.

"मुलाने बोलावं," भटजी म्हणाले. "बापाचं काय राहिलं ते मुलाला ठाऊक."

सगळ्यांनी बन्सीलालकडे पाहिलं.

बन्सीलालला ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही हे एवढ्या लोकांपुढे कळणं फार वाईट होतं. सरांच्या मुलाला काही येत नाही, हे त्याने लहानपणी दुसऱ्या मास्तरांच्या वर्गात पुष्कळ सोसलं होतं. तेव्हाच त्याने ठरवलं की गणिताच्या वाटेला जायचं नाही. तो काकांच्या कापडाच्या दुकानात बसला, बेरजेला कॅल्क्युलेटर घेतला, आणि सुखी झाला.

निवृत्त झाल्यावर बाबा रोज संध्याकाळी दुकानात यायचे. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायचे. थोडा वेळ लोकांची ये-जा बघायचे, मग म्हणायचे, "बन्सी, एक गणित घालू?"

"आत्ता नको, बाबा. गिऱ्हाईक आहे."

बाबा दुकानभर नजर फिरवायचे. दुकानात चिटपाखरू नसायचं.

"समजा आहे," ते म्हणायचे, आणि हसायचे. मग उठून, छत्री घेऊन, हळूहळू घराकडे जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी शेवटी त्यांनी विचारणं सोडलं होतं. नुसते बसायचे. बन्सीलालला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हातारा निवळला, असं त्याने बायकोला सांगितलंही होतं.

तो उठून पिंडासमोर उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "ते गणित घाला. आज दुकान बंद आहे."

कुणी हसलं नाही. बाभळीवरही हालचाल नव्हती. नदीवरून वारा आला, पिंडाखालचं पान थोडं फडफडलं. बन्सीलाल तसाच उभा राहिला. आता आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं आणि आलं नाही.

सुकदेव पुढे सरकला. "कोणतं गणित, शेठ? बोटीचं का?"

"कसलं बोटीचं?"

"तुम्हाला घातलं नाही? आम्हाला तर पाचवीत घातलं होतं. दिवाळीच्या सुटीआधी, शेवटच्या तासाला."

"आम्हालाही घातलं होतं," अभिमन म्हणाला. "आमच्या आधीच्या तुकडीला पण. सोपं होतं एकदम. घरातून निघाले सात, बोटीतून उतरले पाच. सांगा, किती राहिले?"

"आणि?"

"आणि काय! सगळा वर्ग एकदम ओरडायचा, दोन! सर म्हणायचे, बरोबर. मग फळा पुसत राहायचे. फळा कोराच असायचा, तरी पुसायचे. घंटा होईपर्यंत."

"आम्हाला वाटायचं, सुटी म्हणून सोपं घालतात," सुकदेव म्हणाला.

बन्सीलाल खाली बसला. बोटीतून उतरलेले पाच त्याला माहीत होते. आजोबा, आजी, काका, आत्या, बाबा. लहानपणापासून तो हेच ऐकत आला होता, आम्ही पाच जण आलो. आलो किती ते सगळे सांगायचे. निघालो किती, हे घरात कधी कुणी बोललं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्या पाचांतली बाकीची मंडळी केव्हाच गेली होती. राहिले होते बाबा, आणि ते रोज संध्याकाळी स्टुलावर येऊन बसत होते.

"ते दोघं कोण होते?" त्याने विचारलं. "कुणी विचारलं होतं का सरांना?"

अभिमनने सुकदेवकडे पाहिलं. सुकदेवने वाळूकडे. एवढे शिकलेले, बरोबर उत्तराबद्दल शाबासकी घेतलेले लोक, सगळे पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागले.

"विचारणार काय?" अभिमन हळूच म्हणाला. "उत्तर तर बरोबर यायचं."

भटजींनी घड्याळ पाहिलं. ऊन चढलं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, दोन गाठी मारून त्याचा कावळा केला आणि बन्सीलालच्या हातात दिला. "नाही आला की असं करतात. शास्त्रात आहे. याने पिंडाला स्पर्श करा, झालं."

बन्सीलालने स्पर्श केला. गवताच्या कावळ्याला काही सांगायचं नसतं आणि त्याची काही इच्छाही नसते. लोक उठायला लागले. कुणी चपला शोधत होतं, कुणी सुपारी. अभिमनने घमेलं ज्याचं होतं त्याला परत केलं.

"सुकदेवभाऊ," बन्सीलाल बसल्या जागेवरून म्हणाला, "एकदा घाला ते गणित. सर घालायचे तसं."

सुकदेवने आढेवेढे घेतले नाहीत. तो समोर उभा राहिला, हात मागे बांधले, मान किंचित वाकडी केली. क्षणभर त्याच्या खाकी कपड्यांतून सरच डोकावले.

"घरातून निघाले सात," तो म्हणाला. "बोटीतून उतरले पाच. सांगा, किती राहिले?"

बन्सीलालने तोंड उघडलं. उत्तर त्याला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा गणिताचं उत्तर त्याला चटकन आलं होतं, आणि ते एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. त्याला ती दोन माणसं दिसत होती. म्हणजे चेहरे नाहीत, नुसत्या दोन पाठमोऱ्या आकृत्या, कुठल्यातरी दारात. बाया की पुरुष, लहान की मोठी, काही कळत नव्हतं. सुकदेव वाट बघत होता. निघालेले लोकही थांबले होते.

एवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. एक अनोळखी माणूस, हातात पळसाचं पान आणि पिठाचा डबा घेऊन उभा होता.

"भाऊ, जरा सरका ना. आमले बी पान मांडनं शे."