थंड वासाची विभूती

इस्लापूरच्या बाजारतळावर मांडव पडला होता आणि मांडवात माणूस मावत नव्हता. किनवटहून लोक आले होते, नांदेडहून गाड्या करून आले होते. कोरोनानं ज्यांचं नाक नेलं ते, जुनाट सर्दीनं बेजार झालेले, म्हातारपणामुळं ज्यांना भाजी करपलेली कळेनाशी झाली ते, सगळे रांगेत उभे. सुगंधनाथ महाराज चिमूटभर विभूती नाकाशी धरायचे. माणूस खोल श्वास घ्यायचा, दचकायचा, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "आला. वास आला." की लगेच ढोल.

"नाक म्हणजे काय, बाळांनो?" महाराज माईकवर लाडात यायचे. "नाक म्हणजे आत्म्याचा दरवाजा. डॉक्टर दरवाजाला रंग देतो, आम्ही कडी काढतो. आम्हाला उकिरड्यावर बसवा, चंदनाचाच वास येईल." यावर टाळ्या पडायच्या. उकिरड्यावर बसवून बघू, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

वर्षाराणीच्या मनात आलं होतं. किनवटच्या एका आश्रमशाळेत ती विज्ञान शिकवते. ती मांडवाच्या कडेला उभी होती, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. शेजारी खुर्चीवर तिची आई चतुराबाई, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. वर्षाराणी दर्शनाला आली नव्हती. तिला सूड हवा होता आणि तसं मनाशी कबूल करताना तिला काडीचीही लाज वाटत नव्हती.

चतुराबाईचं नाक कोरोनात गेलं ते परत आलं नाही. ती गावात एकटी राहायची, म्हणून लेकीनं ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गॅस गळला की ओरडणारं यंत्र बसवून दिलं होतं. मग महाराजांनी तिला विभूती हुंगवली आणि नेम दिला. पहाटे उठल्याबरोबर, दारं-खिडक्या बंद ठेवून, स्वयंपाकघरातल्या देवापुढं उदबत्ती लावायची आणि वास घ्यायचा. खिडकी उघडली तर वासाबरोबर कृपाही बाहेर जाते. आणि ते यंत्र काढायचं, कारण यंत्र म्हणजे देवावरचा अविश्वास. चतुराबाईनं ते काढून पेटीत टाकलं.

एका रात्री उंदरानं गॅसची नळी कुरतडली. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचत राहिला. कुणाही नाकवाल्याला उंबऱ्यावरच कळलं असतं. चतुराबाई आत गेली, देवाला हात जोडले आणि काडी ओढली.

दवाखान्यात महाराजांचा निरोप आला, बाईच्या भक्तीत खोट होती. आणि आईला ते पटलं. "माझंच चुकलं असंल बाई," ती पट्ट्यांतल्या हातांकडं बघत म्हणायची, "एखांद्या रोजी मन लागलं नसंल." वर्षाराणीच्या अंगाची लाही व्हायची.

"ती विभूती हुंगली तवा वास कशाचा आला होता?" तिनं एकदा विचारलं.

चतुराबाईनं बराच विचार केला. "थंड."

"थंड हा काय वास हाय का, आई? मोगऱ्याचा, चंदनाचा, कशाचा?"

"ते न्हाई सांगता येत. पर टाळूपर्यंत थंडगार गेलं बघ."

वर्षाराणीनं घरी उरलेली पुडी हुंगली. राखेत कापूर आणि पेपरमिंटचे खडे कुटून घातले होते. त्या क्षणी तिला सगळं कळलं आणि तिनं टोपलीतले कांदे डब्यात पाण्यात सडत घातले. पोलीस ठाण्यात तक्रारही दिली.

आता ती स्टेजवर चढली आणि वाकून बोलली, "महाराज, माझ्या आईची भक्ती कमी पडली म्हणता. मग ज्यांची पुरी पडली त्यांना वर बोलवा. लोकांना बघू द्या."

असं कौतुक महाराजांना कसं सोडवेल? गुण आलेले भक्त ओळीनं उभे राहिले. डोळे मिटून वास ओळखायचा, असं तिनं सांगितलं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. वर्षाराणीनं फडकं सोडलं आणि झाकण काढलं.

पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले. मागं कुणीतरी ओकलं. ढोलवाला ढोल टाकून उतरला. आणि भक्त मात्र डोळे मिटून, हसतमुखानं, तसेच उभे.

"धोंडप्पा मामा, कशाचा वास येऊन राहिला?"

"चंदन हाय, माय," म्हातारा धोंडप्पा म्हणाला.

"मोगरा," त्याच्या शेजारचा म्हणाला.

फक्त शिवकांता नावाच्या बाईनं नाक दाबलं. तिला महिनाभरापासून आपोआपच वास येऊ लागला होता, तसा तो बऱ्याच जणांना येतो. श्रेय महाराजांनी खाल्लं होतं. मांडव आधी हसला आणि मग सगळ्यांच्या नजरा महाराजांकडं वळल्या.

महाराजांनी शालीत नाक खुपसलं होतं. वर्षाराणीनं डबा त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. "शाल काढा. चंदनच हाय ना?"

महाराजांचा चेहरा हिरवट झाला. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग तिनं माईक घेतला. "फोडणीत मिरची करपली की नाक गेलेल्यालाबी ठसका लागतो, खरं का न्हाई? वासाची नस वेगळी, झोंबण्याची अन् गारव्याची वेगळी. यांच्या राखेत कापूर अन् पेपरमिंट हाय. ते झोंबतं, डोळ्यांत पाणी आणतं, अन् तुम्ही म्हणता वास आला. गॅसला वास घातलेला असतो तो असाच, सडक्या कांद्यावाणी. तो झोंबत न्हाई. तो तुम्हाला कधीच कळणार न्हाई."

चतुराबाई खुर्चीवरून उठून स्टेजपाशी आली होती. "म्हणजे माझी भक्ती कमी नव्हती?"

"न्हाई आई. तुझं काहीच कमी नव्हतं."

चतुराबाईनं पट्ट्यांतले हात महाराजांच्या तोंडापुढं धरले. "याच हातांनी पाया पडत होते तुमच्या. बघा." महाराजांनी मान फिरवली. "बघा म्हणते ना ती," मांडवातून कुणीतरी दरडावलं, आणि त्यांना बघावं लागलं. साध्या कपड्यांतले पोलीस तोवर पायऱ्या चढत होते.

धोंडप्पा मात्र जागचा हलला नव्हता. "माय, आज पहाटंच दारं लावून काडी ओढली म्या," तो म्हणाला. "म्हातारीचंबी नाक गेलंय. ती दिवाबत्तीला बसंल आता."

"मग इथं काय करून राहिले? घर जवळ हाय ना?" चतुराबाई त्याच्यावर खेकसली. "आधी दारं-खिडक्या उघडा. बटन दाबू नका, काडी ओढू नका. ज्याला वास येतो असा शेजारी आत न्या. रोज झोपताना गॅस टाकीपाशी बंद करा, अन् ते ओरडणारं यंत्र लावा, खाली, जमिनीजवळ. नाक गेलं म्हणून डोकं गेलं का आपलं?"

धोंडप्पा चपला न घालताच निघाला. त्याच्यामागं रांगेतले, मग मांडवातले बाकीचेही भराभर घराकडं वळले, आणि महाराज पोलिसांच्या मधे, रिकाम्या मांडवात, कांद्याच्या वासात बसून राहिले.